एकच पुस्तक, वेगवेगळ्या प्रती आणि एका पानावर आलेली परीक्षणं: एका वाचनालयाचं प्रकरण

हे प्रकरण एका तालुक्याच्या गावातल्या ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयातलं आहे. गाव, माणसं आणि प्रकाशक यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. वाचनालयाच्या ऑनलाइन यादीचं काम बघणाऱ्या गटात मी आहे, त्यामुळे बहुतेक गोष्टी जवळून पाहिल्या. पुस्तकाचं नाव मात्र द्यावंच लागेल, कारण सगळा घोळ त्याच्या प्रकाशनाच्या इतिहासातून आला. ते पुस्तक म्हणजे साने गुरुजींचं ‘श्यामची आई’.

पार्श्वभूमी

कोविडच्या टाळेबंदीत वाचनालय बंद होतं, तेव्हा सभासदांनी वाचलेल्या पुस्तकांवर वाचनालयाच्या संकेतस्थळावर लिहायला सुरुवात केली. रचना अगदी साधी होती. प्रत्येक पुस्तकाला एक पान, त्यावर लेखकाचं नाव, पाचपैकी तारे आणि खाली सभासदांची परीक्षणं. टाळेबंदी संपली तरी लिहिणं थांबलं नाही. आसपासच्या शाळांचे शिक्षक बक्षिसांची पुस्तकं निवडण्याआधी ही पानं बघू लागले, आणि गावातल्या वाचनालयाच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती.

‘श्यामची आई’च्या पानावर सर्वांत जास्त परीक्षणं होती. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. १९५७ च्या कायद्यात ही मुदत पन्नास वर्षांची होती, १९९२ मध्ये ती वाढवली. म्हणजे ३१ डिसेंबर २०१० ला हक्क संपले आणि १ जानेवारी २०११ पासून हे पुस्तक कोणालाही छापता येऊ लागलं. त्यामुळे पुस्तक स्वस्तात सगळीकडे पोचलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ‘कोणालाही’ म्हटलं की त्यात मुद्रितशोधनावर पैसा न घालणारेही आले.

वाचनालयात या पुस्तकाच्या तीन तऱ्हेच्या प्रती होत्या. एक जुनी, पुन्हा बांधणी केलेली, १९६२ च्या आधीच्या शुद्धलेखनाची: ‘आईनें’, ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार असलेली. दुसऱ्या तऱ्हेत नव्या शुद्धलेखनातल्या, संपूर्ण मजकुराच्या चार-पाच प्रती. आणि अलीकडे एका ग्रंथप्रदर्शनात स्वस्त मिळाल्या म्हणून घेतलेल्या काही प्रती. या तिसऱ्या तऱ्हेच्या मुखपृष्ठावर फक्त पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव होतं.

अडचण कशी उघड झाली

कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने दोन तारे दिले आणि लिहिलं की आईची माया सुंदर उतरली आहे, पण भोवतालच्या अस्पृश्यतेबद्दल पुस्तकात चकार शब्द नाही आणि आज हे खटकतं. एका निवृत्त गुरुजींनी खाली उत्तर दिलं: “पंचविसावी रात्र वाचलीस का बाळ?” (या पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं आहे.) तिने लगेच लिहिलं की वाचली, तीत असं काहीही नाही. मग दोघांचं बरंच वाजलं. निवृत्त गुरुजींना वाटलं ही न वाचता लिहिते आहे. तिला वाटलं हे भक्तीपोटी पुस्तकात नसलेलं दाखवताहेत.

ग्रंथपाल मॅडमनी दोघांना वाचनालयात बोलावलं आणि आपापली प्रत आणायला सांगितलं. टेबलावर दोन्ही पुस्तकं उघडल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. पूर्ण पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. पंचविसावी रात्र ‘देवाला सारी प्रिय’ ही आहे. तीत आई श्यामला एका म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला सांगते. मुलीच्या प्रतीत ही रात्र नव्हतीच. आठ रात्री गाळलेल्या होत्या आणि उरलेल्यांना पुन्हा ओळीने क्रमांक दिले होते, त्यामुळे तिची पंचविसावी रात्र भलतीच होती आणि शेवटची होती चौतिसावी. ‘संक्षिप्त’ हा शब्द मुखपृष्ठावर नव्हता, आत नव्हता, मलपृष्ठावरही नव्हता. अनुक्रमणिकाच नसल्यामुळे गाळलेलं कळायला वाव नव्हता.

म्हणजे दोघंही खरं बोलत होते. मुलीने पुस्तक शेवटपर्यंत नीट वाचलं होतं. आमच्या पानाने मात्र दोघांना एकाच पुस्तकाचे वाचक म्हणून समोरासमोर उभं केलं होतं.

हे मिटतंय तोवर शाळेचं प्रकरण आलं. जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी आमच्या पानावरचे तारे पाहून २४ डिसेंबरला, साने गुरुजींच्या जयंतीला, मुलांना देण्यासाठी ऑनलाइन दुकानातून पुस्तकं मागवली. तिथे या नावाखाली दिसलेली सर्वांत स्वस्त प्रत त्यांनी घेतली. खोकी उघडली ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. तीच आठ रात्री गाळलेली प्रत निघाली. वर्गात वाचून दाखवताना शिक्षक शीर्षकालाच अडखळले. ‘अळणी भाजी’ ऐवजी तिथे ‘अळणी माजी’ छापलं होतं. पुढे ‘घर’चं ‘धर’, ‘खरे’चं ‘रवरे’, आणि ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ अशा शब्दांत र तुटून मध्ये मोकळी जागा. श्लोक आणि ओव्यांच्या ओळी गद्यासारख्या सलग धावत होत्या.

अशा चुका कुठून येतात हे ज्यांनी टंकनाचं काम केलं आहे त्यांना लगेच ओळखू येतं. जुन्या पुस्तकाची पानं स्कॅन करून यंत्राकडून अक्षरं ओळखून घेतली की भ-म, घ-ध, ख-रव हे गोंधळ ठरलेले. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार जागा सोडतो आणि ‘ऱ्य’ फुटतो. दोन्ही रस्ते वापरायला हरकत नाही, पण त्यानंतर माणसाने ओळ न ओळ वाचावी लागते. इथे ती कोणी वाचली नव्हती.

मुख्याध्यापक मॅडमना म्हणाले, “तुमच्या पानावर साडेचार तारे होते, म्हणून डोळे झाकून घेतलं.” तारे खरेच होते. पण ते जवळजवळ सगळे संपूर्ण प्रती वाचलेल्यांनी दिले होते.

कोणते पर्याय होते

कार्यकारिणीच्या बैठकीत चार सूचना आल्या.

सचिवांचं म्हणणं होतं की वाईट प्रती काढून टाकाव्यात, त्यांच्यावरची परीक्षणं पुसावीत आणि विषय संपवावा. हे सर्वांत सोपं होतं. पण ती प्रत बाजारात राहणारच होती, आणि तिच्याबद्दल सावध करणारं एकमेव लिखाण आपणच पुसणार होतो.

दुसरी सूचना: प्रत्येक मुद्रणाला वेगळं पान. ऐकायला चोख वाटतं. प्रत्यक्षात या एका पुस्तकाची डझनावारी पानं झाली असती, प्रत्येकावर एखाद-दुसरं परीक्षण. शिवाय आपल्याकडे नुसतं पुनर्मुद्रण झालं तरी ‘विसावी आवृत्ती’ असं छापण्याची रीत आहे. अशा आकड्यावरून मजकूर बदलला की फक्त कागद नवा आला, हे कळत नाही.

तिसरी सूचना आमच्या गटातल्या एका तरुणाची: सगळं आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकावर सोपवावं. छापील पुस्तकाला वेगळा, ई-बुकला वेगळा क्रमांक असतो, यंत्राला वाचता येतो, मग भानगड कसली? पण आमच्या जुन्या प्रतीला क्रमांकच नव्हता आणि त्या स्वस्त प्रतीवरही नव्हता. ज्या दोन तऱ्हा ओळखणं सर्वांत गरजेचं होतं, त्याच या जाळ्यातून निसटत होत्या.

चौथी बाजू मांडली ती एका वारकरी सभासदांनी, आणि बैठकीचा कल तिथे फिरला. ते म्हणाले, “आमच्यात कोणी तुकोबांच्या अभंगाचा आकडा सांगितला की आधी विचारतात, कोणती गाथा? सरकारी, देहूची की जोगमहाराजांची? आकडे जुळत नाहीत, पाठही कुठे कुठे वेगळा. म्हणून कोणी गाथेला वेगवेगळं पुस्तक म्हणत नाही, पण प्रत सांगितल्याशिवाय बोलतही नाही.” ग्रंथपाल मॅडमना यात त्यांच्या शास्त्रातला भेद दिसला. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, इफ्लाने, १९९८ मध्ये मूळ कृती, तिचा विशिष्ट पाठ, त्या पाठाचं छापील रूप आणि हातातली एक प्रत अशा चार पातळ्या वेगळ्या मांडल्या आहेत. आमचं पान कृतीचं होतं, परीक्षणं मात्र चारही पातळ्यांवरची एकत्र पडली होती.

काय ठरलं आणि काय केलं

पान वेगळं करायचं की नाही हे मजकुरावरून बघायचं, असं ठरलं. मजकूर तोच असेल तर कितीही मुद्रणं झाली, कितीही प्रकाशकांनी छापलं, तरी पान एकच. मजकूर बदलला, म्हणजे संक्षिप्त, भाषांतरित, चित्ररूप किंवा लेखकाने स्वतः सुधारलेली आवृत्ती असेल, तर वेगळं पान आणि दोन्ही पानांवर एकमेकांचा दुवा. आठ रात्री गाळलेल्या प्रतीला ‘संक्षिप्त, प्रकाशकाने तसा उल्लेख केलेला नाही’ अशा शीर्षटीपेसह स्वतंत्र पान मिळालं. जुन्या शुद्धलेखनाच्या प्रतीवर थोडा वाद झाला. अनुस्वार गेले म्हणून मजकूर बदलला का? मजकूर तोच आहे, असं ठरवून ती मुख्य पानावरच ठेवली, फक्त प्रतीच्या तपशिलात ‘१९६२ पूर्वीचं शुद्धलेखन’ अशी नोंद केली. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला नेमकी हीच प्रत हवी असते, त्यामुळे ही नोंद मला फार मोलाची वाटते.

परीक्षणाच्या नमुन्यात दोन रकाने केले: ‘पुस्तकाबद्दल’ आणि ‘या प्रतीबद्दल’. तारे फक्त पहिल्या रकान्याला. दुसऱ्यात मजकूर पूर्ण आहे का, छपाई वाचनीय आहे का, प्रस्तावना आणि टिपा कोणाच्या, बांधणी कशी, एवढंच. प्रकाशक, वर्ष, पानं हे टंकायचा कंटाळा येतो, म्हणून प्रकाशनाचा तपशील असलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला तरी चालेल असं पुढे सांगितलं. ज्येष्ठ सभासदांकडून नोंदी येऊ लागल्या त्या खरं तर या एका सवलतीमुळे.

फरक किती पडला ते एका परीक्षणावरून दिसेल. आधी एका ताईंनी लिहिलं होतं: ‘अप्रतिम पुस्तक, पण खूप चुका आहेत, पैसे वाया.’ तारा एक. नव्या नमुन्यात त्यांनीच लिहिलं ते असं. पुस्तकाबद्दल: ‘कर्जात बुडालेल्या घराचं इतकं खरं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही, शेवटच्या रात्री मुलांना वाचून दाखवताना आवाज फुटेना.’ तारे पाच. प्रतीबद्दल: ‘बेचाळीसपैकी चौतीस रात्री. भ-म, घ-ध यांच्या चुका जवळपास प्रत्येक पानावर. ओव्या गद्यात. मुलांना स्वतः वाचायला देण्याजोगी नाही.’ आता हे वाचणाऱ्याला पुस्तक घ्यावं हेही कळतं आणि ही प्रत घेऊ नये हेही.

जुन्या परीक्षणांचं काय करायचं, हा सर्वांत नाजूक प्रश्न होता. ती कोणत्या प्रतीवरची आहेत हे आम्हाला शोधता आलं असतं, कारण देवघेवीच्या नोंदीत सभासद क्रमांकासमोर पुस्तकाचा दाखल क्रमांक असतो, आणि दाखल क्रमांकावरून नेमकी प्रत कळते. तरुण मंडळी म्हणाली, एका संध्याकाळचं काम. मॅडमनी अडवलं. कोणी काय वाचायला नेलं ही नोंद पुस्तक परत यावं म्हणून ठेवलेली असते, ती दुसऱ्या कामाला वापरायची तर त्या माणसाला विचारलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पूर्ण पटलं. आज ‘श्यामची आई’ आहे, उद्या दुसरं काही असेल, जे नेल्याचं चारचौघांत कळू नये असं एखाद्याला वाटेल. मग प्रत्येकाला फोन करून विचारलं. बहुतेकांनी होकार दिला, काहींची प्रत घरचीच निघाली, काहींशी संपर्क झाला नाही. ज्यांचं कळलं नाही त्यांच्या परीक्षणावर ‘प्रत माहीत नाही’ असा शिक्का मारला. अंदाजाने एकही जोडलं नाही.

दुसरा पेच भाषेचा. एका सभासदाने प्रकाशकाला सरळ ‘लुटारू’ म्हटलं होतं. सचिवांना नोटिशीची धास्ती. त्यावर नियम केला: पानावर काय छापलं आहे ते पान क्रमांकासह लिहा, हवं तर त्या ओळीचा फोटो लावा, छापणाऱ्याच्या हेतूबद्दल लिहू नका. ‘पृष्ठ ६१ वर अळणी माजी’ ही नोंद कोणी खोडून काढू शकत नाही. प्रकाशकाला चुकांची यादी आणि ‘संक्षिप्त’ असा उल्लेख करण्याची विनंती रजिस्टर पोस्टाने पाठवली. उत्तर आलेलं नाही.

शाळेने काय केलं

ऑनलाइन दुकानाची पुस्तकं परत घेण्याची मुदत उलटून गेली होती. पुस्तकं रद्दीत घालायला मुख्याध्यापक तयार नव्हते, आणि मुलांना अर्धवट पुस्तक द्यायलाही नाही. मार्ग सुचवला तो शाळेतल्याच मराठीच्या बाईंनी. मूळ मजकुरावर आता कोणाचा हक्क नाही, मग गाळलेल्या आठ रात्री आपणच का छापू नयेत? नववीच्या मुलांनी संपूर्ण प्रतीवरून त्या टंकल्या. एक मूल मोठ्याने वाचतंय, दुसरं ओळ ताडून पाहतंय, अशी दोनदा तपासणी झाली. एक काळजी त्यांनी बरोबर घेतली: नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं उचलली नाहीत, कारण ती अलीकडची, त्यांचे हक्क त्या त्या माणसांकडे. फक्त साने गुरुजींचा मजकूर घेतला. त्याची पातळ पुस्तिका झेरॉक्सवर काढून प्रत्येक पुस्तकात घातली, सोबत एक शुद्धिपत्र. ज्या मोकळिकीमुळे ती वाईट प्रत बाजारात आली, तिच्यामुळेच ती दुरुस्तही करता आली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. त्या मुलांनी ओळ ताडून पाहणं म्हणजे काय ते शिकून घेतलं, आणि आता तीच मुलं वाचनालयाच्या नव्या खरेदीचं पहिलं वाचन करायला येतात.

निष्पन्न काय झालं

त्या मुलीने गाळलेल्या रात्री वाचल्या. तिचा आक्षेप नाहीसा झाला नाही, पण बदलला. आता ती लिहिते ते श्यामची आई त्या काळात कुठवर जाते आणि कुठे थांबते याबद्दल, आणि निवृत्त गुरुजी तिला मुद्द्याला धरून उत्तर देतात. दोघांचं पटलेलं नाही, पटायचं कारणही नाही. बोलताहेत मात्र एकाच मजकुराबद्दल.

नमुना मोठा झाल्यावर परीक्षणांची संख्या घटली, हेही सांगितलं पाहिजे. पुष्कळांनी लिहिणंच सोडलं. म्हणून काही महिन्यांनी अटी सैल केल्या: तपशिलाच्या पानाचा फोटो पुरे, बाकीचे रकाने आमचा गट भरेल. त्यानंतर लिहिणारे हळूहळू परतले, आधीइतके अजून नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, हवी ती माहिती वाचनालयात पहिल्यापासून होती. दाखल नोंदवहीत लेखक, ग्रंथनाम यांच्या शेजारी प्रकाशक, आवृत्ती, वर्ष आणि पृष्ठसंख्या असे रकाने असतात, आणि जुन्या ग्रंथपालांनी ते सुवाच्य अक्षरात भरलेले आहेत. संगणकावर यादी चढवताना मात्र फक्त नाव आणि लेखक घेतला गेला. ते चार रकाने तेव्हाच घेतले असते तर पृष्ठसंख्येतल्या फरकावरूनच संशय आला असता. जी वाचनालयं आता यादी ऑनलाइन नेत आहेत त्यांनी कितीही घाई असली तरी हे रकाने सोडू नयेत.

दुसरं, खरेदीच्या वेळचं. हक्कमुक्त पुस्तक घेताना टेबलाशी उभं राहून दहा मिनिटांत तपासणी होते: प्रकरणं मोजायची, सुरुवात, मध्य, एखादी कविता आणि शेवट अशा चार जागा वाचायच्या, तपशिलाच्या पानावर ‘संक्षिप्त’ किंवा ‘संपादित’ आहे का ते बघायचं. कविता मुद्दाम सांगतो आहे, कारण निष्काळजी छपाई सर्वांत आधी तिथे उघडी पडते.

ताऱ्यांची सरासरी काढून टाकावी का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझ्या मते काढावी. मुख्याध्यापकांनी बघितली ती सरासरीच, खालचं एकही परीक्षण नाही.

ई-बुकचा प्रश्न तर अजून उभाच आहे. छापील प्रत एकदा छापली की तशीच राहते. ई-बुकमधला मजकूर विकत घेतल्यानंतरही बदलता येतो, आणि बदलल्याची नोंद आत असेलच असं नाही. सध्या आम्ही ई-बुकवरच्या परीक्षणात कोणत्या महिन्यात उतरवून घेतलं ते लिहायला सांगतो आणि शक्य असेल तर चुकलेल्या ओळीचा फोटो जोडतो. श्राव्य पुस्तकांसाठी तेवढंही जमलेलं नाही: निवेदकाने कोणती प्रत समोर ठेवून वाचलं, हे आम्ही पाहिलेल्या एकाही ध्वनिमुद्रणात सांगितलेलं नव्हतं. त्यांची परीक्षणं तूर्तास वेगळ्या पानावर ठेवली आहेत.